परकीय गुंतवणूक, ऊर्जेचा वापर आणि प्रदूषण : कारखाना चाकणला, धूर चंद्रपूरला?

धागाकर्ता : आकडेमोड

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात दर वर्षी एक प्रकल्प ठरलेला असतो. एखाद्या देशाची पंचवीस-तीस वर्षांची आकडेवारी घ्यायची, एका बाजूला थेट परकीय गुंतवणूक, ऊर्जेचा वापर आणि सकल देशांतर्गत उत्पादन मांडायचे, दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ठेवायचे आणि दोष कोणाचा हे संगणकाला विचारायचे. यंदाच्या विद्यार्थिनीने भारत घेतला. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले : ऊर्जेच्या वापराचा परिणाम ठळक, परकीय गुंतवणुकीचा जवळजवळ नाहीच. तिने निष्कर्षात लिहिले की परकीय गुंतवणुकीमुळे भारतातील प्रदूषण वाढत नाही. मी ते वाक्य खोडले नाही, पण त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ती रेघ का ओढली, हे सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

पहिली अडचण उत्सर्जनाच्या आकड्याची आहे. देशाचे कार्बन उत्सर्जन कोणी धुराड्यावर मापक लावून मोजत नाही. किती टन कोळसा जळाला, किती तेल आणि किती वायू जळाला, हे पाहून त्याला ठरावीक गुणकाने गुणले की तो आकडा तयार होतो. म्हणजे समीकरणाच्या डाव्या बाजूला जे आहे, तेच थोडे वेष बदलून उजव्या बाजूलाही उभे आहे. आमटीत मीठ किती टाकले यावरून तिचा खारटपणा लिहून ठेवायचा आणि मग मिठाचा व खारटपणाचा संबंध सिद्ध झाला म्हणून जाहीर करायचे, असा हा प्रकार आहे. अशा मांडणीत ऊर्जेचा वापर दोषी ठरणार हे आधीच ठरलेले असते, आणि तो जागा व्यापून बसल्यामुळे इतर घटक आपोआप निर्दोष दिसू लागतात. परकीय भांडवलाने ऊर्जेचा वापर वाढवला असेल, तर ते पापही ऊर्जेच्याच खात्यावर जमा होते.

दुसरी अडचण गुंतवणुकीच्या आकड्याची. २०२०-२१ या वर्षात भारतात सुमारे ८२ अब्ज डॉलर थेट परकीय गुंतवणूक आली आणि तो त्या वेळचा उच्चांक होता. टाळेबंदीच्या वर्षात, कारखाने महिनोन्‌महिने बंद असताना, हा उच्चांक कसा झाला? त्या वर्षी मोठा वाटा संगणक व दूरसंचार क्षेत्रातील समभाग खरेदीचा होता. त्याआधी २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचे ७७ टक्के समभाग घेतले. या व्यवहारांतून एकही नवे धुराडे उभे राहिले नाही. मालकीचे कागद बदलले, आणि ती रक्कम आकडेवारीत मात्र पोलाद कारखान्याच्या रकमेशेजारी जाऊन बसली. राज्यवार आकडे त्याहून फसवे असतात. २०१९ पर्यंत ते रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार ठेवले जात, त्यामुळे मुंबईच्या नावावर असलेला पैसा नेमका कोठे गेला हे त्यावरून कळत नसे.

सिद्धांताबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथल्या अनेकांना तो ठाऊक आहे. ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराच्या संदर्भात व्यापाराचा पर्यावरणावरील परिणाम तीन भागांत मांडला. उत्पादन वाढले म्हणून प्रदूषण वाढते, हा आकारमानाचा परिणाम. देश कोणत्या प्रकारचे उत्पादन करू लागतो, हा घडणीचा परिणाम. आणि तेच उत्पादन अधिक चांगल्या यंत्राने होते, हा तंत्राचा परिणाम. परकीय भांडवल या तिन्ही वाटांनी काम करते. ते नियम ढिले असलेल्या देशात घाण घेऊन येते असे एक गट म्हणतो, तर चांगले तंत्र घेऊन येते असे दुसरा म्हणतो. पहिल्या गटाला आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर ते कोडाईकनालचे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथला पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बंद झाला आणि त्याची यंत्रसामग्री पळणी डोंगरातल्या थंड हवेच्या गावी आली. २००१ मध्ये तो तिथेही बंद पडला, आणि पाऱ्याने दूषित झालेल्या मातीचा प्रश्न पुढे अनेक वर्षे चालू राहिला. कार्बनच्या कोणत्याही तक्त्यात हे प्रकरण दिसणार नाही.

माझा अंदाज असा आहे की पैसा कोणत्या देशातून आला, यापेक्षा तो ज्या विजेवर चालतो ती कोठे आणि कशापासून तयार होते, हा प्रश्न मोठा आहे. भारताची जवळपास तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशापासून येते. चाकणचा मोटार कारखाना आतून रुग्णालयासारखा स्वच्छ असू शकतो, कारण त्याचा धूर दुसऱ्याच जिल्ह्यात निघतो. उद्योगात, वीज खात्यात किंवा त्या दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्यांनी कृपया लिहावे.

---

गुरुवारची_सुट्टी

आपण चाकणचे नाव घेतले म्हणून लिहितो. परदेशी मालकीच्या एका मोटार कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात मी देखभाल विभाग पाहतो. मालक मराठी, ग्राहक परदेशी आणि वीज महावितरणची, जिला आम्ही सगळे आजही एमएसईबीच म्हणतो.

तंत्राचा परिणाम म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी ग्राहकाकडून ऊर्जा तपासणीसाठी दोन माणसे आली आणि त्यांनी मुद्दाम गुरुवार निवडला. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. शॉपमध्ये एकही मशीन चालू नव्हते, तरी कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने भार घेत होता. हवा कोणीच वापरत नव्हते, मग ती जात कोठे होती? त्यांनी आम्हाला शांत उभे राहायला सांगितले, आणि एरवी यंत्रांच्या आवाजात कधीच ऐकू न आलेली सूं-सूं छताखालच्या पाइपांतून, कपलिंगमधून आणि जुन्या होजमधून येऊ लागली. साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन आम्ही दिवसभर फुगे शोधत फिरलो. कारखान्यांत दाबाच्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीतच जाणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, हे त्या दिवशी कळले. त्यासाठी परदेशी भांडवल लागते असे नाही, पण आम्हाला ते कोणी तरी दाराशी येऊन सांगेपर्यंत सुचले नव्हते, हेही खरेच.

आता आकारमानाचा परिणाम पाहा. पुढच्या दोन महिन्यांत वीजबिलातली युनिटे दिसण्याइतकी उतरली. प्रति नग खर्च कमी झाल्यामुळे आम्हाला त्याच ग्राहकाकडून आणखी एका भागाचे काम मिळाले, दोन नवी यंत्रे आली, तिसरी पाळी सुरू झाली आणि वर्षाअखेरीस एकूण युनिटे पूर्वीपेक्षा जास्त झाली. प्रति नग वीज आजही पूर्वीपेक्षा कमी आहे, आणि वार्षिक अहवालात आम्ही तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापतो.

डिझेल जनित्राबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एक लिटर डिझेलमधून साधारण ३ ते ३.५ युनिटे मिळतात आणि सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे प्रति युनिट हिशेब कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडपेक्षा फार वेगळा येत नाही. पण वीज गेल्यावर जनित्राची काजळी आमच्याच आवारात, आमच्याच कँटीनच्या खिडकीसमोर पडते, म्हणून त्याची तक्रार लगेच होते. ग्रिडच्या धुराची तक्रार माझ्यापर्यंत कधीच आलेली नाही.

---

इरईकाठ

ती तक्रार आता आपल्यापर्यंत पोहोचवतो. मी चंद्रपूरचा आहे.

धाग्याच्या शीर्षकातले प्रश्नचिन्ह काढायला माझी हरकत नाही. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे. ती १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिची क्षमता १,५०० मेगावॉट आहे. वाटेतल्या कोणत्याही गावाला वीज देण्यासाठी ती नाही. इकडे कोळसा आहे आणि तिकडे मागणी आहे, एवढ्याच कारणासाठी ती राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. आमच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. याखेरीज कोराडी, खापरखेडा आणि तिरोडा ही मोठी केंद्रेही विदर्भातलीच आहेत. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे अमुक युनिट अमुक केंद्राचे असे म्हणता येत नाही, हे मला कळते. पण राख एकत्र होत नाही, ती जिथल्या तिथे राहते.

आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण ३५ ते ४५ टक्के असते. म्हणजे रेल्वेच्या दहा वाघिणी आल्या की त्यांतल्या जवळपास चार राखेच्या रूपाने इथेच उरतात. थोडी सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते, उरलेली बंधाऱ्यात साचते आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उठते. आमच्याकडे वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घरात घेत नाहीत. पहाटे अंगण झाडले तरी दुपारी तुळशीच्या कट्ट्यावरून बोट फिरवले की ते करडे होते, आणि घरातल्या लहान मुलांना हा रंग धुळीचा स्वाभाविक रंगच वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यापाठोपाठ चंद्रपूर चौथे होते, गुण ८३.८८. सगळा दोष वीज केंद्राचा आहे असे मी म्हणणार नाही. उघड्या खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, सिमेंटच्या भट्ट्या आहेत.

सिमेंटवरून धागाकर्त्यांना एक उदाहरण देतो, त्यांच्या विद्यार्थिनीला कदाचित उपयोगी पडेल. जिल्ह्यातील दोन मोठे सिमेंट कारखाने ज्या कंपन्यांचे आहेत, त्या अनेक वर्षे स्वित्झर्लंडच्या होल्सिम समूहाच्या ताब्यात होत्या आणि २०२२ मध्ये अदानी समूहाकडे आल्या. म्हणजे परकीय भांडवल बाहेर गेले आणि देशी भांडवल आत आले. चुनखडी तीच राहिली, भट्टी तीच राहिली, कोळसाही तोच राहिला. सिमेंटच्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसतोच, तो चुनखडी भाजताना तिच्यातून निघतो. चुनखडी भाजताना मालकाचे पारपत्र कोणी पाहत नाही.

एक नियमाबद्दल. औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्याचे बंधन डिसेंबर २०१५ मध्ये आले, त्याची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हे त्यासाठी दिलेले एक कारण आहे आणि ते चुकीचेही नाही. पण जो खर्च टळला, तो विजेच्या दरात न आल्यामुळेच वीज स्वस्त राहते, आणि स्वस्त वीज ही गुंतवणूक आणण्यासाठी सरकार दाखवत असलेली एक महत्त्वाची सवलत असते. ही सवलत कोणी दिली, हे त्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

---

नवखी

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. परकीय कंपन्या स्वच्छ तंत्र आणतात, तर त्यांनी वीजनिर्मितीतच पैसे का घातले नाहीत? नैसर्गिक वायूवर चालणारी केंद्रे कोळशापेक्षा स्वच्छ असतात ना?

---

जुनी_फाईल

प्रश्न बाळबोध नाही. त्याचे उत्तर गुहागर तालुक्यात समुद्रकाठी उभे आहे. मी राज्य वीज मंडळाच्या, म्हणजे एमएसईबीच्या, लेखा विभागात होतो, त्यामुळे दाभोळची फाईल माझ्याही टेबलावरून गेलेली आहे.

१९९२ मध्ये दाभोळ वीज प्रकल्पासाठी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीबरोबर सामंजस्य करार झाला, १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला, १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, आणि मग फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प अधिक मोठ्या आकारात परत आला. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तोही नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर. द्रवरूप नैसर्गिक वायू दुसऱ्या टप्प्याबरोबर यायचा होता, आणि दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॉट व्हायचे होते. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली.

राजकारण आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे उगाळत नाही. या धाग्यापुरता मुद्दा दराचा आहे. दर डॉलरला बांधलेला, इंधन जागतिक तेलाच्या भावाला बांधलेले, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागे. मंडळात वीज उचलण्याचा साधा क्रम असतो : जिचे इंधन सर्वांत स्वस्त ती वीज आधी. या रांगेत चंद्रपूरचा कोळसा पुढे आणि दाभोळचा नाफ्था शेवटी. जेवढी वीज कमी घ्यावी तेवढा स्थिर आकार कमी युनिटांवर पडे, दर आणखी चढे, आणि मग आणखी कमी घ्यावी लागे. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन केंद्र पुन्हा चालू झाले, पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घसरल्यावर ते परत थांबले, आणि नंतर रेल्वेसाठी अंशतः चालू झाले.

वायूवरील आधुनिक केंद्र प्रति युनिट कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन सोडते आणि राख अजिबात ठेवत नाही. त्या अर्थाने परकीय भांडवल स्वच्छ इंधन आणत होते, हे मान्य करायला हवे. पण ते ज्या दराने आणि ज्या अटींवर आले, त्यांमुळे महाराष्ट्रात वायूचे नावच इतके बदनाम झाले की नंतर अनेक वर्षे कोणीही तो विषय काढला की फाईल परत यायची. वरच्या प्रतिसादात चंद्रपूरच्या राखेबद्दल जे लिहिले आहे, त्यातली थोडी राख दाभोळच्या खात्यात टाकायला मला संकोच वाटत नाही.

---

पूर्वेकडचा

मी सिंगापुरात असतो आणि धातूंच्या व्यापारात आहे. धागा भारताबद्दल आहे, तरी दोन देशांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात एकच आहेत.

चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. त्या दशकाच्या मध्यास चीनच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक निर्यात परकीय गुंतवणूक असलेल्या कंपन्यांची होती, आणि त्या दशकभरात कोळशाचा वापर दुपटीहून अधिक झाला. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगची हवा इतकी बिघडली की त्याच वर्षी सरकारने हवेसाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, जुने बॉयलर बंद केले, पोलादाच्या भट्ट्या हलवल्या, केंद्रांना गंधक काढायला लावले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत मोठ्या शहरांतील सूक्ष्म धूलिकण स्पष्टपणे कमी झाले. इथपर्यंतची गोष्ट आशावादी लोक नेहमी सांगतात.

पुढचा भाग इंडोनेशियात घडतो. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलच्या कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली आणि ज्याला निकेल हवे त्याने इथे येऊन भट्टी लावावी, असे ठरवले. धोरण म्हणून त्यात चूक काढणे कठीण आहे. कच्चा माल बाहेर पाठवून पक्का माल विकत घेण्याचे दुःख आपल्याला नवे नाही. चिनी कंपन्या आल्या, सुलावेसी बेटावरील मोरोवालीचे औद्योगिक संकुल प्रचंड वाढले आणि आज जगातील निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियातून निघते. पण निकेलची भट्टी विजेवर जगते, आणि त्या बेटांवर एवढी वीज देणारे ग्रिड नव्हते. म्हणून प्रत्येक संकुलाने स्वतःचे कोळशाचे वीज केंद्र बांधले. २०२२ मध्ये इंडोनेशियाने नव्या कोळसा केंद्रांवर बंदी घालणारा अध्यक्षीय आदेश काढला, तेव्हाही उद्योगांच्या अशा खासगी केंद्रांसाठी अपवाद ठेवला.

मी एकदा कामानिमित्त तिथे गेलो होतो. बोटीतून किनारा दिसायच्या आधी धुराड्यांची रांग दिसते, आणि किनाऱ्याजवळचे पाणी पावसानंतर वीटकरी रंगाचे असते. जे निकेल तिथून निघते, त्याचा मोठा भाग स्टेनलेस स्टीलमध्ये जातो आणि काही भाग विद्युत वाहनांच्या बॅटरीत. म्हणजे एखाद्या युरोपीय शहरातली स्वच्छ मोटार आणि आपल्याकडच्या मांडणीवरचा लखलखीत डबा, दोघांनाही त्या किनाऱ्याचा पत्ता विचारता येईल. धागाकर्त्यांच्या भाषेत सांगायचे तर तिथे घडणीचा परिणाम आणि ऊर्जेचा परिणाम वेगळे काढताच येत नाहीत, कारण गुंतवणूक येताना स्वतःचे धुराडे सोबत घेऊन आली.

---

सरळ_हिशेब

सगळ्यांचे वाचले, पण सूर एकाच बाजूला झुकतो आहे असे वाटते. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन सुमारे २ टन आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. दरडोई विजेचा वापर वर्षाला सुमारे १,४०० युनिटे आहे. एवढ्या कमी विजेवर राहणाऱ्या देशाने ऊर्जेचा वापर वाढवूच नये, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरे असे की परकीय भांडवलाची चांगली बाजू सौर ऊर्जेत आहे आणि तिचा उल्लेखही झाला नाही. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला. जपानच्या सॉफ्टबँकेची भागीदारी असलेल्या कंपनीची बोली त्याहून फक्त एक पैसा वर होती. सौर प्रकल्पात इंधनाचा खर्च नसतो, जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीच्या भांडवलाचा आणि त्यावरच्या व्याजाचा असतो. त्यामुळे स्वस्त व्याजाचा परदेशी पैसा तिथे थेट दर खाली आणतो. दाभोळमध्ये परकीय भांडवलाने वीज महाग केली असेल, तर भडल्यात त्यानेच ती स्वस्त व्हायला हातभार लावला. भांडवल तेच, करार वेगळा.

---

दाभोळखाडी

मी कोकणातल्या लोटे या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीजवळचा आहे आणि माझा मुद्दा विजेचा नाही, पण विषयाबाहेरचाही नाही.

मोठी परदेशी औषध किंवा कीटकनाशक कंपनी स्वतःच्या आवारात शेवटची, सुबक पायरी करते. त्याआधीच्या चार-पाच पायऱ्या, ज्यांत आम्ल, द्रावके आणि रंगीत सांडपाणी असते, त्या लहान कारखान्यांकडे जॉबवर्कने जातात. हे कारखाने देशी भांडवलाचे असतात, बॉयलर कोळशावर किंवा भुश्श्यावर चालतो, आणि नफा इतका पातळ असतो की सांडपाण्यावरची प्रक्रिया हाच पहिला कापण्याजोगा खर्च ठरतो. मी अशा एका कारखान्यात तीन वर्षे पाळीने काम केले. तपासणी असली की आदल्या दिवशी निरोप येई आणि प्रक्रिया टाकीतला पंखा चालू होई. एरवी विजेचे बिल वाढते म्हणून तो बंद असे. खाडीत मासे मरून वर आले की आम्हा कामगारांनाच घरी जाऊन तोंड दाखवायची लाज वाटे, कारण जाळी आमच्याच भावकीची असत.

परकीय गुंतवणुकीच्या तक्त्यात ती मोठी कंपनी येईल आणि ती स्वच्छच दिसेल. हा लहान कारखाना देशी उद्योगांच्या रकान्यात जाईल. मग अभ्यासक लिहितील की परकीय कंपन्या देशी कंपन्यांपेक्षा स्वच्छ असतात.

---

आकडेमोड

दाभोळखाडी यांच्या प्रतिसादानंतर मला माझ्याच मांडणीत दुरुस्ती करावी लागेल. धूर विजेच्या तारेतून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, एवढेच मी पाहत होतो. तो जॉबवर्कच्या चलनावरूनही जातो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सरळ_हिशेब यांचा दरडोईचा मुद्दा मान्य आहे. वापर वाढू नये असे इथे कोणीच म्हटलेले नाही, पण दरडोई सरासरीत चंद्रपूरचा माणूस आणि पुण्याचा माणूस एकाच रकान्यात बसतात, ही तिची मर्यादा आहे. करार वेगळा हा मुद्दा मात्र मला या चर्चेतला सर्वांत उपयोगी वाटतो. डॉलरला बांधलेला दर, उद्योगांच्या खासगी केंद्रांना दिलेला अपवाद, गंधकाच्या नियमातून दिलेली सूट : या तिन्ही ठिकाणी पैशाचे राष्ट्रीयत्व गौण आहे आणि यजमानाने लिहून दिलेली अट निर्णायक आहे.

---

गुरुवारची_सुट्टी

त्या अटी आता ग्राहकाकडूनही येऊ लागल्या आहेत. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली आहे. ती पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट अशा मोजक्या मालावर असली, तरी आमच्यासारख्यांना ग्राहकाचे तक्ते आधीपासूनच भरावे लागतात. गेल्या वर्षी मालकांनी सोलापूरकडच्या एका सौर प्रकल्पातून मुक्त प्रवेशाने, म्हणजे महावितरणऐवजी थेट उत्पादकाकडून, काही वीज घ्यायला सुरुवात केली. दिवसा ती पुरते. तिसऱ्या पाळीला सूर्य नसतो, तेव्हा आम्ही पुन्हा ग्रिडवर येतो. तक्त्यात मात्र वर्षाची बेरीज विचारतात, तासांचा हिशेब विचारत नाहीत, त्यामुळे तिसरी पाळीही कागदावर बरीचशी सौर दिसते. मी तसेच भरले. खोटे काही लिहिले नाही, पण इरईकाठ यांचा प्रतिसाद वाचल्यावर तो तक्ता पुन्हा उघडून पाहिला.

---

आकडेमोड

विद्यार्थिनीशी बोललो. कार्बन बाजूला ठेवून डाव्या बाजूला असे काही घ्यावे जे इंधनाच्या आकड्यावरून गुणून काढलेले नसेल, असे आम्ही ठरवतो आहोत. राखेची आकडेवारी चालेल का, आणि ती केंद्रनिहाय कोठे मिळेल?

---

इरईकाठ

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी केंद्रनिहाय अहवाल काढते. किती राख निर्माण झाली आणि किती वापरली गेली, हे त्यात असते. पण निर्माण झालेली राखही बहुधा कोळशाच्या वजनावरूनच काढतात, म्हणजे आपली मिठाची अडचण तिथेही येईल. त्याऐवजी तिला बंधाऱ्यात जुनी साचलेली राख पाहायला सांगा. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार ती दहा वर्षांत संपवायची आहे, त्यामुळे तिची नोंद आता वेगळी ठेवावी लागते. आणि जमले तर एकदा एप्रिलमध्ये इकडे पाठवा. बंधारा मी दाखवीन. येताना पांढरे कपडे मात्र आणू नयेत.